अभिरुचीचा पहारा पोलिसांकडे नको

‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया याने एका स्पर्धकाला आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून विचारलेला प्रश्न किळसवाणा होता आणि विनोद म्हणूनही तो फसला होता. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याला असले विनोद आवडत असणार, असे सर्रास गृहीत धरले जाते. पण त्या एका वाक्यापायी मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत पोलीस कामाला लागले आणि कार्यक्रमाचा सूत्रधार समय रैना याने सगळेच्या सगळे भाग काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादियाला अटकेपासून संरक्षण दिले, पण पासपोर्ट जमा करायला लावला. पुढे त्याला स्वतःचा कार्यक्रम पुन्हा सुरू करू देताना, कोणत्याही वयाच्या माणसाला तो पाहता यावा असे बंधन घातले. शिवाय ऑनलाइन मजकुराच्या नियमनाचा मसुदा करायला केंद्राला सांगितले. एका भिकार विनोदावरून साऱ्या देशासाठी नियम लिहायला घ्यायचे, याला माझा विरोध आहे. अश्लीलता रोखायला म्हणून दिलेला अधिकार अश्लीलतेपाशी थांबत नाही, हे महाराष्ट्राने तरी पुरते अनुभवले आहे.

इंग्रजांनी 1876 मध्ये केलेल्या नाट्यप्रयोग कायद्यात प्रेक्षकांना बिघडवणारे नाटक आणि सरकारविषयी अप्रीती पसरवणारे नाटक एकाच कलमात शेजारी शेजारी बसवलेले होते. दोन्हींवरचा इलाज एकच, बंदी. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय कर्झन दिसला म्हणून 1910 मध्ये ते नाटक बंद पडले. त्या काळापुरतीच ही वृत्ती होती म्हणावे, तर स्वराज्य आल्याबरोबर मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेचे कारण सांगून तमाशावर बंदी घातली. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या ज्या कलावंतांचे पोट त्या फडांवर होते, त्यांना आधी विनवण्या कराव्या लागल्या आणि मग वगाची संहिता सरकारी तपासनिसांपुढे ठेवून खेळ करावे लागले. चावट काय नि रंगतदार काय, हे ठरवणारे लोक तमाशाच्या कनातीत कधी बसणारे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’ची गतही निराळी नाही. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणारे ते मासिक. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही शिक्षा झालीच. आज ज्यांच्या कामाचा आपण अभिमान बाळगतो, त्यांच्यावर त्या दिवशी अश्लीलतेचाच शिक्का होता.

महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेची अशी तपासणी आजही चालू आहे. नाटककाराने संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, वाचणाऱ्यांनी ओळी खोडायला सांगायच्या, प्रमाणपत्र हाती पडल्यावर प्रयोग लावायचा. ‘सखाराम बाइंडर’ला याच मंडळाने तीसहून अधिक कापण्या सुचवल्या होत्या, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले म्हणून तेंडुलकरांचे नाटक प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये या पूर्वतपासणीलाच न्यायालयात आव्हान दिले. छापण्याआधी कोणत्याही कादंबरीला सरकारी शिक्का लागत नाही. मग रंगमंचावर उभ्या राहणाऱ्याला तो का लागावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

‘लेटेंट’चा गदारोळ पुरता शमलाही नव्हता, तोच 23 मार्च 2025 च्या रात्री खारमधल्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. ‘लेटेंट’चे चित्रीकरणही याच जागी होत असे. या वेळचे निमित्त मात्र कमरेखालच्या विनोदाचे नव्हते. विनोदवीर कुणाल कामराने विडंबनगीतातून उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना टोमणे मारले होते. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसे हातोडे घेऊन तिथे हजर झाली. आईवडिलांवरच्या घाणेरड्या प्रश्नाने जे चिडले होते, त्यांतल्या कित्येकांना हा प्रकार आवडला नसेल. पण विनोद करणाऱ्याला सरकारने वठणीवर आणावे ही मागणी एकदा मान्य झाली, की कोणत्या विनोदासाठी आणावे हे सत्तेवर बसलेलाच ठरवतो.

यावर पहिला प्रश्न येतो मुलांचा, आणि तो खराच आहे. ज्याच्यात्याच्या हाती फोन असलेल्या घरात आईबापांना वाटणारी धास्ती खोटी नाही. पण तिच्यावर तोडगा म्हणजे वयाची वर्गवारी. ओटीटीसाठी 2021 च्या नियमांत ती आहेच. यूट्यूबसारख्या माध्यमांनी ती नीट पाळावी म्हणून जरूर दबाव आणावा. मोठ्यांनी काय पाहावे हे मात्र शाळकरी मुलाच्या मापाने ठरवता येणार नाही. कोणत्याही वयाला चालेल असेच बोला म्हटले, तर निम्मे मराठी नाटक आणि दादा कोंडक्यांचे अख्खे चित्रपट बाद होतील. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या खटल्यात शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, असे स्वच्छ सांगितले आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. असल्या विनोदात बायकांची, अपंगांची, आजारी माणसांची टर उडवली जाते, ती मुकाट सोसायची का? नाही सोसायची. पण इथे शिवी देणे आणि एखाद्याला हिणवणे वेगळे काढावे लागते. आईवडिलांवरच्या प्रश्नाने अंगावर शहारा आला, तरी त्यातून कुणा माणसाचे आयुष्य अवघड झाले नाही. दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलांवर हसणे मात्र त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या त्रासात भर घालणारे आहे. आणि अशा विनोदांविरुद्धची तक्रार रस्त्यावरच्या संतापातून नव्हे, त्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेमुळे न्यायालयापुढे आली. झालेली इजा दाखवता येत असेल, तर ती दाखवणाऱ्याचे ऐकून घ्यावे, विनोदवीराला जाब विचारावा, माफी मागायला लावावी. बाकीच्या पाचकळपणासाठी समीक्षक आहेत, तिकीट न काढणारा प्रेक्षक आहे, जाहिरात काढून घेणारा प्रायोजक आहे. केंद्राच्या मसुद्यात वयाची पाटी आणि अशी तक्रार करण्याची सोय जरूर असावी. प्रयोगाआधी संहिता मागणारे एकही कलम त्यात येऊ देता कामा नये, आणि राज्यानेही परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का आता मोडीत काढावा.