दिवस किती गेले?

लोधीखेड्याकडच्या शेतकऱ्याला गाय कधी फळली ते विचारा; तारीख तोंडावर असते. नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेबही तो बोटांवर करून देतो. त्याच घरच्या सुनेला दवाखान्यात शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तर उत्तर येते, "पोळ्याच्या मागंपुढं असंल." आम्ही त्या मुलीला दोष देत नाही. ज्या घरात पाळीचे नाव काढायची लाज, तिथे तिने तारीख लिहावी तरी कुठे?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे नऊ महिने आणि वर सात दिवस मोजतात. 37 आठवड्यांआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. तारीख नसली की नर्सबाई टेपने पोट मोजते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येते. पुढे जितके सेंटिमीटर तितके आठवडे, असा ढोबळ हिशेब. पण मुलाची वाढ खुंटली असेल किंवा जुळी असतील, तर टेप फसवते.

नागपूर भागात, बेळगावकडे आणि केनिया, झांबियासारख्या देशांत मिळून एक मोठी पाहणी झाली. अपुऱ्या दिवसांत प्रसूती होईलसे वाटले, की मुलाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन द्यायचे. तारीख ठाऊक नसली, तर टेपवरून दिवस ठरवायचे. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायांना पुढे चांगल्या वजनाची मुले झाली; म्हणजे त्यांना त्याची गरजच नव्हती. निकाल 2015 साली आला, आणि त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू उलट वाढलेले दिसले. 2020 च्या दुसऱ्या पाहणीत भारत, केनिया, नायजेरिया वगैरे देशांतील रुग्णालयांनी सोनोग्राफीने दिवस पक्के करून तेच औषध दिले, तेव्हा बाळे वाचली. रुग्णालयाची देखभालही होती, हे खरे. पण दिवस ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

तेव्हा दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर दर महिन्याला एक फुली पडू द्या. बाईला लिहिता येत नसेल तर नवऱ्याने लिहावे, त्यात कमीपणा कसला? पाळी चुकताच नर्सबाईकडे जावे. सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झाली तर उत्तम, निदान 24 आठवड्यांच्या आत तरी व्हावी. उशिरा केलेलीवरून दिवस नीट कळत नाहीत. (तिथे मुलगा की मुलगी विचारू नये, 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) तारीख आठवतच नसेल, तर पोळा, दिवाळी, नाताळ, कापसाची वेचणी, जे आठवेल ते सांगावे, नर्सबाई त्यावरून अंदाज काढते. आणि तारीख लिहिलेले कार्ड पेटीत जपून न ठेवता बाळंतपणाला जाताना पिशवीत घ्यावे.