सिंकजवळचा हिशेब

पनवेलची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. तरी डिसेंबरात तेलकट कढई घासताना नळाला कोमट पाणी हवंसं वाटतंच. गच्चीवरचा सोलर फुकट खरा, पण अर्धा इंची पाइप 15 मीटर लांब असेल तर गरम पाणी येईस्तोवर अडीचेक लिटर गार पाणी मोरीत जातं (आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणारे आपणच!). 10 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 वर न्यायला वीज लागते जेमतेम 0.18 युनिट. म्हणून सिंकजवळ 3 लिटरचा, 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर बरा. फक्त 16 अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. घासायला दोनच भांडी असतील, तर शेगडीवर तांब्याभर पाणी तापवलेलं पुरतं.