ऋतुचर्या फडापर्यंत पोहोचावी

दसरा सरला की दिंद्रुड परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांचे हेमंत आणि शिशिर हे दोन्ही ऋतू फडावरच्या कोपीत जातात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात या काळासाठी अभ्यंग, स्वेदन, स्निग्ध आहार, उबदार आच्छादन व गर्भगृहातील निवास सांगितला आहे. आपणही रुग्णास तोच उपदेश करतो. परंतु पहाटेच्या दवात भिजून ऊस तोडणाऱ्यास यातील काय साध्य आहे, याचा विचार क्वचितच होतो.

आपल्याकडे हिमवर्षाव होत नाही, म्हणून शीताघाताचे भय नाही, ही समजूत चुकीची आहे. ओले वस्त्र, वारा व अपुरा आहार एकत्र आल्यास १० अंश सेल्सिअस हवेतही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते. नेहमीचा पाऱ्याचा ज्वरमापक त्याखाली मोजत नाही. म्हणून थरकाप, अडखळते बोलणे व गुंगी ही लक्षणेच ओळखावी लागतात.

येथे ग्रंथार्थ विवेकाने लावला पाहिजे. अभ्यंग ही स्वस्थाची चर्या आहे. गारठून पडलेल्याचे हातपाय जोराने चोळणे किंवा बधिर त्वचेस निखाऱ्याचा शेक देणे अपायकारक ठरते. त्याचे ओले कपडे काढावेत, कोरड्या गोधडीत गुंडाळावे, पूर्ण शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय द्यावे व त्वरित रुग्णालयात न्यावे. हेमंतात मद्याचाही निर्देश आहे. तथापि मद्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीराची ऊब निघून जाते. थंडीवर उतारा म्हणून ते सुचविणे आज समर्थनीय नाही. बंद कोपीत पेटती शेगडी ठेवून झोपण्यात आगीचे भय तर आहेच. शिवाय कार्बन मोनॉक्साइड या वासरहित वायूने झोपेतच प्राण जाऊ शकतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी वैद्य व औषधविक्रेत्यांनी एक दिवस त्यांच्यासाठी द्यावा. कोरड्या कपड्यांचा एक जोड राखून ठेवणे, बाजरीची भाकरी व तीळगूळ, निजताना तीळतेल, शेगडी कोपीबाहेर, एवढेच सांगावे. दमा, मधुमेह, रक्तदाब यांच्या रुग्णांना पुरेशी औषधे व तेथील डॉक्टरांना दाखविता येईल अशी चिठ्ठी द्यावी. उचल हाती असलेल्या मजुरास अवलेहाचा महाग डबा विकणे सोपे आहे. पण त्याला गोधडीची गरज अधिक आहे, हे सांगण्याचे धैर्य आपल्या व्यवसायात असावे.