कार्बाइड गन: रीलमध्ये न दिसणारे ते काही सेकंद

२०२५च्या दिवाळीत दहावीतल्या मावसभावाने मला एक रील पाठवली. प्लास्टिकचा पाइप, धडाम आवाज, पोरांचा जल्लोष, रील खलास. खाली मेसेज: ‘दादा, आपण बनवूया का? तुला सायन्स येतं ना!’

त्याच आठवड्यात मध्य प्रदेशातून बातम्या यायला लागल्या. भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेरच्या दवाखान्यांत डोळ्यांना इजा झालेली शंभराहून जास्त मुलं दाखल झाली होती. सुरुवातीच्या बातम्यांतच १४ मुलांची दृष्टी गेल्याचं आलं होतं. कारण एकच, कार्बाइड गन. राज्य सरकारने १८ ऑक्टोबरलाच बंदीचे आदेश दिले होते, तरी दीडशे-दोनशे रुपयांत ती रस्त्यावर मिळत होती.

मग प्रश्न पडतो: रीलमध्ये सगळे हसत असतात, मग डोळे कुणाचे गेले?

आधी आत काय होतं ते बघू. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे तीच पुडी, जी आंबे लवकर पिकवायला चोरून वापरतात आणि फळांसाठी जिच्यावर देशात बंदी आहे. तिला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगवाल्याकडे ज्वाला दिसते ना, तोच हा वायू. अमेरिकेत पोरं असल्याच पाइपमधून हेअरस्प्रे पेटवून बटाटे उडवतात. दोन्हीकडे खरी अडचण एकच आहे: इंधन किती आणि हवा किती, हे मोजणार कोण?

तुमच्या बाइकचंच बघा. पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे जमवायला बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर, इंजेक्टर आणि एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. शिवाय सगळं जाड धातूच्या इंजिनात बंद. पाइपच्या बंदुकीत यातलं काहीच नाही. खडा केवढा, ओल किती, वायू किती वेळात तयार झाला, सगळा अंदाजपंचे कारभार.

त्यात ॲसिटिलीन भलताच हट्टी. घरचा एलपीजी हवेत साधारण २ ते ९.५ टक्के असेल तरच पेटतो, त्याहून कमी किंवा जास्त झाला तर नाही. ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो, तोही अगदी बारीक ठिणगीने. म्हणजे ‘प्रमाण चुकलं तर फार तर फुसका बार होईल’ हा हिशोब इथे चालत नाही.

आणि कधी कधी तो लगेच पेटतही नाही. लायटर दाबला, आवाज नाही. मुलगा काय करणार? पाइपमध्ये डोकावणार. आत वायू अजून तयार होतोच आहे. मग तो पेटतो, थेट चेहऱ्यावर. ज्वाळेसोबत कार्बाइडचे कण उडतात आणि मागे उरलेला चुनाही. चुना अल्कली आहे. तो डोळ्यात आत आत जाळत जातो, त्यामुळे साध्या भाजण्यापेक्षा ही इजा वाईट. पाइप फुटला तर त्याच्या चिरफळ्या वेगळ्याच.

रीलमध्ये नेमके हेच सेकंद कापलेले असतात. न उडालेला बार, वाट बघणं, डोकावणं, यातलं काही अपलोड होत नाही. वर ॲप तेच जास्त पसरवतं, जे लोक शेवटपर्यंत बघतात आणि पुन्हा पुन्हा बघतात. पंधरा सेकंदांचा धमाका त्यात फिट बसतो. ‘भाई कुठे मिळेल?’ अशी कमेंट टाकलीत तरी तुम्ही ती रील आणखी चार जणांपुढे ढकलता. म्हणून कमेंट नको, शेअर नको. तीन टिंबांवर जाऊन सरळ रिपोर्ट करा.

माझं मत विचाराल तर फक्त विक्रेत्यांना पकडून हे थांबणार नाही. पाइप, लायटर बाजारात राहणारच. थांबवायचं असेल तर ‘देसी जुगाड’ म्हणून होणारं कौतुक आधी थांबायला हवं.

तरीही कुणाच्या डोळ्यात असलं काही गेलंच, तर डोळा चोळू देऊ नका. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान २०-३० मिनिटं धूत राहा आणि तडक डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. तुकडा रुतलेला असेल तर मात्र धुऊ नका, दाबू नका, ओढूनही काढू नका. थेट दवाखाना गाठा.

भावाला मी एवढंच लिहिलं: ‘सायन्स येतं, म्हणूनच नाही म्हणतोय.’ त्याने अंगठा पाठवला. मी तरी रात्री फोन केलाच.