चौघांचा खटला

12 जानेवारीला महाराष्ट्र जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती साजरी करतो. सोलापूरकरांना त्या दिवशी आणखी एक कर्तव्य असते. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेची धांदल सुरू असते, नंदीध्वजांची तयारी चाललेली असते, आणि त्या गडबडीतच चार पुतळ्यांना हार घालायचे असतात. 1931 सालीही संक्रांत अशीच तोंडावर आली होती, तेव्हा मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. जिल्ह्याबाहेर ही चारही नावे एका दमात सांगणारा क्वचितच भेटतो. सोलापुरात ती तोंडपाठ असतात, पण आरोप काय होता असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘देशासाठी गेले’ एवढ्यावरच थांबते.

आरोप खुनाचा होता. तो टाळून या चौघांची आठवण काढणे आम्हाला पटत नाही.

मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, तेव्हा सोलापूर हे गिरण्यांचे, भोंग्यावर उठणारे आणि एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे गाव होते. सभा, मिरवणुका, हरताळ सुरू झाले. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण त्यातला पहिला बळी. त्यानंतर जमाव कुणाच्याच हातात राहिला नाही. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर लोक चालून गेले, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जाळण्यात आली. पोलीस गावातून निघून गेले, आणि मग जे घडले त्याचा अभिमान सोलापूर आजही मिरवते: काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून रहदारी सांभाळू लागले. सरकार नसताना गाव चालले. मात्र जळलेली चौकी आणि शिस्तीत चाललेली रहदारी याच गावाची, एकाच आठवड्यातली. पहिली विसरून दुसरीचाच इतिहास सांगता येत नाही.

12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. पंजाब आणि मलबारनंतर ही पाळी एका गिरणगावावर आली. खुनाचा तपास समजण्यासारखा होता. पण लष्कराचा रोख वेगळाच दिसतो. तिरंगा लावायचा नाही, गांधी टोपी घालायची नाही. डोक्यावरच्या हातभर पांढऱ्या कापडासाठी माणसे गजाआड गेली. चौकी जाळणाऱ्यापेक्षा टोपी घालणारा सरकारला अधिक खुपत असावा, कारण तो उद्याही पुन्हा घालून येणार होता.

ज्यांच्यावर खुनाचा खटला उभा राहिला तेही असेच, उद्या पुन्हा उभे राहणारे. धनशेट्टी लिंगायत समाजातले, गावात शब्दाला वजन असलेले काँग्रेस कार्यकर्ते. सारडा मारवाडी कुटुंबातले. शिंदे तरुणांच्या संघटनेत पुढे असलेले. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरणारे, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. वय जेमतेम विशीतले. आज कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असते त्या वयाचा हा संपादक! हजारोंच्या बेभान जमावातून दोन खुनांना जबाबदार म्हणून नेमके लोकांना ठाऊक असलेले हे चौघे सापडावेत, हा योगायोग आम्हाला मानवत नाही. सरकारला गुन्हेगार हवे होतेच. गावाला धडा शिकवणारे गुन्हेगार मिळाले तर अधिक बरे.

वेळही पाहा. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद संपत आली होती, तडजोडीची भाषा सुरू होती. स्वतः गांधीजी त्याच येरवड्याच्या तुरुंगात होते. फाशीनंतर दोन आठवड्यांनी, 26 जानेवारीला, ते सुटले आणि मार्चमध्ये व्हाइसरॉय आयर्विनशी करार झाला. चौघांच्या वाट्याला ते सात आठवडे आले नाहीत.

दरवर्षीच्या भाषणांत हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दाखला म्हणून कुर्बान हुसेन यांचे नाव हमखास येते. यायलाच हवे. पण ‘गझनफर’मध्ये ते काय लिहीत होते, मजुरांना काय सांगत होते, यावर त्या मंचावरून कुणी दोन वाक्ये बोलले तर त्यांना अधिक न्याय मिळेल. मेलेल्या त्या दोन पोलिसांचाही उल्लेख व्हावा. तेही पगारावर पोट असलेले इथलेच लोक होते, आणि त्यांचे नाव घेतल्याने चौघांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

शतकपूर्तीला आता फार वर्षे उरलेली नाहीत. आणखी एक कमान, आणखी एक नामकरण सहज होईल. त्याऐवजी सोलापूर महापालिका आणि विद्यापीठ यांनी मिळून या खटल्याची कागदपत्रे गोळा करावीत: साक्षी, निकालपत्र, मार्शल लॉच्या काळातले हुकूम, जिथे मिळतील तिथून ‘गझनफर’चे अंक. ती मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही छापावीत आणि शहरातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ठेवावीत. खर्च एका कमानीपेक्षा जास्त येणार नाही.