बंबावरचा साहेब

मागच्या रविवारी सकाळी सकाळी ताईचा फोन. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अगं, तुझा भाचा बंबावर जाणार म्हणतोय! तू जरा समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

आता आमचा भाचा म्हणजे बी.एस्सी. झालेला, अभ्यासात बरा, व्यायामाचं वेड असलेला मुलगा. घरच्यांनी त्याच्यासाठी एम.एस्सी., मग एखादी बँकेची परीक्षा असं सगळं मनात ठरवून ठेवलेलं. आणि चिरंजीवांनी गुपचूप नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या सब-ऑफिसरच्या कोर्सची परीक्षा देऊन टाकली. निवड झाल्यावर घरी सांगितलं. मग काय, घरात आग!

मी ताईला म्हटलं, "बोलते त्याच्याशी." आणि खरं सांगते, मनातून मलाही तिचंच पटलं होतं. बोललेही त्याच्याशी. तासभर बोललो. फोन ठेवला तेव्हा मात्र त्याला समजवायचं राहूनच गेलं होतं आणि मीच विचारात पडले होते. गेला आठवडाभर डोक्यात तेच चाललंय. ताई, तू हे वाचणारच आहेस, तेव्हा फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहिते. चिडू नकोस.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत मीटर रूमला आग लागली होती, आठवतंय? तुला मी तेव्हा "थोडा धूर झाला होता" एवढंच सांगितलं होतं. तो थोडा नव्हता. रात्री साडेदहाची वेळ, जिना धुरानं भरलेला, चौथ्या मजल्यावरचे आजी-आजोबा खिडकीतून हाका मारतायत. बंब आला, पण गेटच्या आत येईना, कारण आम्ही सगळ्यांनी आपापल्या गाड्या लाडानं दोन्ही बाजूंना लावलेल्या. शेवटी बाहेरूनच होज ओढत आणले. उतरलेल्या साहेबांचं वय फार तर पस्तीस. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर आपल्या माणसांना थांबवलं. "लाइट कट झाल्याशिवाय मीटर रूमकडे कुणी जायचं नाही." वरच्या माणसांना ओरडून सांगितलं की जिन्यात येऊ नका, दारं लावून घ्या, दाराखाली ओले टॉवेल लावा, खिडकीत उभे राहा. चौथ्या मजल्याच्या खिडकीला शिडी लावायला दोन माणसं पाठवली. आणि वीज कंपनीच्या माणसाची वाट बघत उभे राहिले.

ती चारपाच मिनिटं असतील. पण खाली उभ्या असलेल्या आम्हा लोकांना तो तास वाटला. काय काय बोललो आम्ही त्यांना! "बघत काय उभे राहिलात, आत जा ना!" "पगार कशाचा घेता?" यात मीही होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. वीज तोडल्याची खात्री झाली आणि मग दहा मिनिटांत सगळं आटोपलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आजींना दोघांनी हाताची खुर्ची करून खाली आणलं.

नंतर ते साहेब आमच्या भिंतीवरच्या होज रीलपाशी गेले आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याचा थेंब नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं 'बी' फॉर्मचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. आमचं प्रमाणपत्र फाइलला एकदम व्यवस्थित लावलेलं होतं. त्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी कोण होते? आमचेच हे! साहेबांनी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "काका, कागदानं आग विझत नाही." त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अग्निशमन दलातला 'साहेब' म्हणजे काय असतो ते मी त्या रात्री पाहिलं, पण मला ते कळलं आत्ता, भाच्याशी बोलताना.

आपल्या डोक्यात फायर ब्रिगेडचं चित्र एकच. लाल गाडी, घंटा, ज्वाळांत शिरणारा शूर जवान. मुंबई अग्निशमन दलाच्या ब्रीदवाक्यात तीन शब्द आहेत: शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग. पहिला आणि तिसरा आपल्याला लगेच दिसतो. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो. मधल्या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. माझ्या मते पुढारपण त्या मधल्या शब्दात आहे. शंभर माणसं "आत जा" म्हणून ओरडत असताना आपल्या चार माणसांना "थांबा" म्हणणं, हे काम अधिकाऱ्याचं. आणि ते केल्याबद्दल त्याला कुणी हार घालत नाही, उलट शिव्याच मिळतात. आम्ही दिल्याच की.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आंबेडकर जयंती आठवते. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही असतो, तो मुंबईतल्या एका दुर्घटनेमुळे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. शहरात शेकडो माणसं मेली. हे आपण दरवर्षी शौर्याची कथा म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण ती वाचताना मला दुसरंच टोचतं. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत साधारण दोन तास हातात होते. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे स्फोटकांचे जाणकार होते, बंबवाले होते. जहाज बुडवावं, बंदराबाहेर न्यावं की आहे तिथंच विझवावं, याचा ठाम निर्णय एका कुणी घेतलाच नाही. बंबवाले मात्र शेवटपर्यंत पाणी मारत राहिले. शौर्याला तोटा नव्हता. तोटा होता तो एका माणसाचा, ज्याचा शब्द सगळे ऐकतील.

दुसरी आठवण अलीकडची. ९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत. आग लागली, रहिवासी बाहेर काढले गेले, आणि इमारत कोसळली. दलाचे चार अधिकारी गेले. दोघे तिथंच, आणि दोघे भाजलेल्या अवस्थेत काही दिवस झुंज देऊन. त्या दोघांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते आणि उपप्रमुख सुधीर अमीन. म्हणजे दलाचा सर्वात मोठा साहेब आणि त्याच्या खालचा साहेब. दुसऱ्या कुठल्या खात्यात असं होतं सांगा? ताईनं फोनवर नेमकं हेच उदाहरण दिलं. "साहेब झाला तरी सुटका नाही, हे बघितलंस ना?"

बघितलं, ताई. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. "त्याला काही होणार नाही" असं मी तुला सांगू शकत नाही. मावशीनं असं खोटं बोलू नये. पण भाच्याला मी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो जे म्हणाला ते तुला सांगते. तो म्हणाला, "मावशी, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच मला शिकायचंय की सगळे साहेब एकाच वेळी आत असू नयेत, याची व्यवस्था कशी करतात." मग त्यानं मलाच शिकवलं. १९७० साली कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले, अनेक दलं धावली आणि कोण कुणाचं ऐकतं याचा गोंधळ झाला. त्यातून तिथं एक पद्धत तयार झाली. घटनास्थळी प्रमुख एकच, तो एका जागी उभा, आत किती माणसं आहेत याची नोंद त्याच्याकडे, आणि एका अधिकाऱ्याच्या हाताखाली साधारण पाचच माणसं, म्हणजे प्रत्येकावर नजर राहते. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कागदावर सगळं आहे. पण कागदानं आग विझत नाही, हे मी आधीच ऐकलेलं!

इथं माझं स्पष्ट मत सांगते. आपल्याकडे हुशार मुलांना आपण या सेवेपासून लांब ठेवतो, आणि मग दुर्घटना झाली की "यंत्रणा झोपली होती का" म्हणून विचारतो. यंत्रणा म्हणजे कोण? कुणाची तरी मुलंच ना? घटनेच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन हे नगरपालिकांचं काम म्हणून लिहिलंय. म्हणजे बंबाचा खर्च गटार, रस्ते, दिवे यांच्याच रांगेत उभा. त्या रांगेत आपल्या खात्यासाठी भांडायला, एखाद्या बिल्डरची फाइल "नाही, सही करणार नाही" म्हणून परत पाठवायला शिकलेला, ताठ कण्याचा माणूस लागतो. अधिकाऱ्याच्या नोकरीतली अशी सहीची आग त्याला रोज विझवावी लागते. तिथं धूर दिसत नाही, एवढंच.

आणि करिअर म्हणून बघायचं तर हे काही आडवाटेचं काम नाही. नागपूरचं महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. सब-ऑफिसरपासून डिव्हिजनल ऑफिसरपर्यंतचे कोर्स तिथं आहेत, फायर इंजिनिअरिंगची पदवीही आहे. तिथून मुलं नगरपालिकांत जातात, तशीच तेल कंपन्या आणि विमानतळांवरही जातात. २००२ साली हर्षिनी कान्हेकर तिथं प्रवेश घेणारी पहिली मुलगी ठरली आणि पुढे ओएनजीसीत फायर ऑफिसर झाली. शेहेचाळीस वर्षांत पहिली! तिच्या घरच्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल की "समजवा जरा तिला".

मला या खात्याची आणखी एक गोष्ट आवडते. इथं खालून वर येणाऱ्या माणसाला मान आहे. फायरमन, लीडिंग फायरमन, सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर अशी ती शिडी. आमच्या ऑफिसात कालचा आलेला मॅनेजर पंचवीस वर्षांच्या माणसाला काम शिकवतो. इथं तसं करून चालेल का? ज्यानं स्वतः होज धरलेला नाही, त्याच्या "थांबा" ला कोण थांबणार? भाच्याला मी एवढंच सांगितलं, की सब-ऑफिसर होऊन जाशील तेव्हा तुझ्या गाडीवर वीस वर्षं काढलेला एखादा फायरमन असेल. त्याला 'अहो' म्हण आणि पहिलं वर्ष त्याच्याकडून शीक. हुकूम तूच द्यायचा, पण आधी त्याला विचारून.

तेव्हा ताई, तू मला वकील म्हणून नेमलंस आणि मी विरुद्ध पार्टीला जाऊन मिळाले. माफ कर. तुझी भीती खरी आहे, तू रात्री जागणार हेही खरं आहे. पण त्या रात्री आमच्या गेटपाशी जे साहेब शिव्या खात शांत उभे होते, त्यांनाही आई असणार. तिनं त्यांना जाऊ दिलं म्हणून आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी आज त्याच खिडकीत बसून मोगऱ्याला पाणी घालतात.

आमच्या होज रीलला आता पाणी येतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे स्वतः व्हॉल्व्ह फिरवून बघतात, मी शेजारी बादली घेऊन उभी असते. गेटजवळची आमची गाडीही मागे लावतो. वाचणाऱ्यांपैकी जे कुणी सोसायटीत राहतात त्यांनी आज खाली जाऊन एकदा आपला व्हॉल्व्ह फिरवून बघा, आणि काय निघालं ते कळवा. पाणी की कोळी!

असो. बाकी फोनवर बोलूच. ताई, रात्री नऊनंतर कर. भांडायचं असेल तरी कर.