राखीव गडी

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत तालुका स्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडला. बारा नावं फळ्यावर लिहिली. पहिली सात मैदानात उतरणार, उरलेली पाच राखीव. टाळ्या झाल्या, मुलं पांगली. सातवीतला एक मुलगा मात्र फळ्यासमोरच उभा राहिला. त्याचं नाव आठवं होतं.

"बाई, राखीवच राहायचं असेल तर मी येतच नाही," तो म्हणाला. "मी दाखला काढतो आणि मामाच्या गावच्या शाळेत नाव घालतो. तिथं मला पहिल्या सातात घेतील."

'गप्प बस' म्हणणं सोपं होतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रोज घाम गाळायचा आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, हे कुणाला आवडेल?

त्या रात्री माझ्या मावसभावाचा फोन आला. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नोकरी करतो. मी त्याला ही हकीकत सांगितली तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, इथल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये सध्या हाच प्रश्न गाजतोय. तुझ्या शाळेत एक आठवा आहे, इथं असे हजारो आठवे आहेत!"

तर मुलांनो, आज त्याच खेळाची गोष्ट.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का! त्याचा चेंडू असतो लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, नाहीतर फेकून पुढच्या गड्याला द्यायचा. समोरचे गडी अंगावर झेपावून अडवतात. म्हणून खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या. एका वेळी एका बाजूचे अकरा जण मैदानात असतात. पण गंमत अशी, की चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चेंडूला लाथ मारणारे आणखी निराळे. चढाईचा सूत्रधार असतो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे द्यायचा, कुठं फेकायचा, हे तो क्षणात ठरवतो.

तिकडे कॉलेजांचे सामने बघायला केवढी गर्दी होते म्हणता? कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त लोक बसतात!

आता हिशेब करा. चढाईचे अकरा आणि बचावाचे अकरा, झाले बावीस. खेळ धसमुसळा, दुखापती ठरलेल्या. म्हणून प्रत्येक जागेसाठी दुसरा गडी तयार हवा. म्हणजे चव्वेचाळीस. शहाणा प्रशिक्षक तिसराही तयार ठेवतो. म्हणजे सहासष्ट! वरच्या गटातल्या कॉलेजांना कित्येक वर्षं ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. २०२५ पासून नियम बदलले आणि बहुतेक मोठ्या कॉलेजांसाठी संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू अशी मर्यादा आली. पहिल्या फळीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, यालाच तिथं संघाची खोली म्हणतात. विहीर किती खोल आहे हे पावसाळ्यात कळत नाही, ते उन्हाळ्यात कळतं. संघाचंही तसंच!

हे पटत नसेल तर २०१४ सालची गोष्ट ऐका.

ओहायो स्टेटचा नावाजलेला क्वार्टरबॅक होता ब्रॅक्स्टन मिलर. हंगाम सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, सरावात त्याचा खांदा दुखावला. झालं, वर्ष संपलं! त्याच्या जागी जे. टी. बॅरेट आला. दुसऱ्याच सामन्यात संघ हरला. पण पुढं बॅरेट असा काही खेळला, की लोक मिलरला विसरायला लागले. आणि नोव्हेंबरच्या शेवटी, कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्ध खेळताना बॅरेटचा घोटा मोडला.

उरला कोण? तिसरा. कार्डेल जोन्स. कॉलेजच्या एकाही सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला नव्हता. हा तोच मुलगा, ज्यानं पूर्वी एकदा जाहीरपणे लिहिलं होतं, की आम्ही फुटबॉल खेळायला आलो, मग तासांना कशाला बसायचं! त्यावरून त्याची भरपूर टिंगल झाली होती.

हा तिसरा गडी मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटनं विस्कॉन्सिनला ५९-० असं धुऊन काढलं. मग पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४२-३५ असं हरवलं. १२ जानेवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात ओरेगनला ४२-२० असं हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. तीन सामने, तिन्ही विजय, आणि सूत्रधार कोण, तर दोन दुखापती झाल्या नसत्या तर बाकावरच बसून राहिला असता असा मुलगा! (आणि हो, त्याच कार्डेल जोन्सनं २०१७ साली पदवीही घेतली. तासांना बसला बरं का शेवटी!)

आता विचारा, हा तिसरा गडी इतके दिवस थांबला कसा? त्याची जिद्द होतीच. पण एक नियमही होता. तिकडे एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात गेलं, तर एक वर्ष सामने खेळता येत नसत. पदवी पूर्ण केलेल्यांना सूट होती, बाकीच्यांनी वर्षभर बसायचं. खेळायला मिळतात जेमतेम चार हंगाम. वर्ष वाया घालवायला कोण तयार होणार?

पण मुलांनो, या नियमाची दुसरी बाजूही बघायला हवी. प्रशिक्षकाला जास्त पगाराची नोकरी मिळाली, की तो आज इथून उठून उद्या तिथं जाई. त्याला कुणी वर्षभर बसवत नसे. ज्याच्या भरवशावर मुलगा आला तोच निघून गेला, आणि मुलगा मात्र अडकला. हा कुठला न्याय? शिवाय मोठी कॉलेजं चांगली चांगली मुलं गोळा करून बाकावर बसवून ठेवत. स्वतः खेळवत नाहीत आणि दुसऱ्यालाही मिळू देत नाहीत.

मग नियम बदलत गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये संगणकावर एक यादी सुरू झाली. तिला म्हणतात ट्रान्सफर पोर्टल. आपल्या भाषेत सांगायचं, तर दाखला मागणाऱ्यांची यादी! तिच्यात नाव आलं की इतर कॉलेजांनी त्या खेळाडूशी खुशाल बोलावं. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदललं तरी लगेच खेळायची मोकळीक सगळ्यांना मिळाली. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्याला कितीही वेळा बदलता येऊ लागलं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिराती वगैरे करून पैसे मिळवायचीही परवानगी मिळाली. म्हणजे दार उघडलं आणि दाराबाहेर पैशांची थैलीही दिसू लागली.

दार उघडल्यावर आधी बाहेर कोण पडणार? पहिला? छे! तो तर खेळतोच आहे. बाहेर पडतो दुसरा आणि तिसरा. जो तयार आहे, पण ज्याला संधी नाही. म्हणजे संघाची खोली ज्याच्यामुळे, नेमका तोच. त्याच्या जागी येतो बारावी होऊन नुकताच आलेला कोवळा मुलगा. कागदावर आकडा तेवढाच राहतो, विहिरीतलं पाणी मात्र कमी होतं.

याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे फ्लोरिडा स्टेट, साल २०२३.

हा संघ एकामागून एक सामने जिंकत होता. त्यातले कितीतरी खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिससुद्धा लुईव्हिल सोडून आलेला. १८ नोव्हेंबरला त्याच्या पायाला भयंकर दुखापत झाली. दुसरा गडी टेट रोडमेकर पुढं आला आणि त्यानं फ्लोरिडाविरुद्धचा सामना जिंकून दिला. पण त्याच सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. मग तिसरा गडी ब्रॉक ग्लेन, पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी, गटाच्या अंतिम सामन्यात उतरला. तोही संघानं १६-६ असा जिंकला. तेरा सामने, तेरा विजय!

पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी चार संघ निवडणाऱ्या समितीनं त्यांना वगळलं. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असं समितीचं मत पडलं. मुलांचं मन मोडलं. मग ३० डिसेंबरला जॉर्जियाविरुद्ध ऑरेंज बोल नावाचा सामना होता. तोवर कुणी व्यावसायिक खेळाची तयारी करायची म्हणून बाजूला झालं, कुणी जखमी, तर कुणी दाखल्याच्या यादीत. वीसहून जास्त खेळाडू मैदानात नव्हते. रोडमेकरही कॉलेज सोडून निघाला होता. कोवळा ब्रॉक ग्लेन पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याच्या आजूबाजूला ती पहिली फळी नव्हती आणि मागंही कुणी नव्हतं.

निकाल ६३-३! अशा बोल सामन्यांच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठ्या फरकाचा पराभव ठरला. जॉर्जियाचेही काही खेळाडू नव्हते. पण त्यांची विहीर खोल होती. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, फ्लोरिडा स्टेटनं नवा क्वार्टरबॅक दुसऱ्या कॉलेजातून आणला. बारा सामन्यांत विजय किती? दोन!

म्हणजे आयते गडी आणणं वाईटच का? तसंही नाही. इंडियाना विद्यापीठानं २०२३ मध्ये तीनच सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि जेम्स मॅडिसन या आपल्या जुन्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले. २०२४ मध्ये इंडियानानं अकरा सामने जिंकले! ते एकमेकांची सवय असलेले गडी होते. पण नाण्याला दुसरी बाजू असतेच. जेम्स मॅडिसनमध्ये ज्यांनी त्या मुलांना कच्च्याचं पक्कं केलं, त्यांना मात्र पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागली. छोट्या कॉलेजांनी रोपं वाढवायची आणि फळं दुसऱ्यानं तोडायची, अशी तक्रार तिकडे ऐकू येते ती उगाच नाही.

मग आमच्या आठव्या गड्याला मी काय सांगायचं? थांब म्हणू, की जा म्हणू?

मला आठवला जेलन हर्ट्‌स. अलाबामाचा क्वार्टरबॅक. ८ जानेवारी २०१८ रोजी जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याला मध्यंतरालाच बाहेर बसवलं. सगळा देश बघत होता! त्याच्या जागी आलेल्या टुआ टागोवायलोआनं सामना जिंकून दिला आणि पुढच्या हंगामात पहिली जागा टुआचीच झाली. हर्ट्‌स गेला नाही. राखीव म्हणून सराव करत राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी त्यांच्या गटाचा. मैदान तेच, प्रतिस्पर्धी जॉर्जियाच. टुआ जखमी झाला. हर्ट्‌स उतरला आणि पिछाडीवरचा संघ ३५-२८ असा जिंकला.

मग तो गेला. पदवी पूर्ण करून, सांगून-सवरून, ओक्लाहोमा विद्यापीठात. तिथंही चमकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यावसायिक खेळातलं सगळ्यात मोठं विजेतेपद, सुपर बोल, त्याच्या फिलाडेल्फिया ईगल्स संघानं जिंकलं तेव्हा सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

म्हणजे थांबणंही खरं आणि जाणंही खरं. फक्त रागाच्या भरात जायचं नाही. आणि थांबायचं तर रुसून बाकावर बसायचं नाही, तयार राहायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला ही सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण बाई, त्या हर्ट्‌सला निदान माहीत होतं, की आपल्याला खेळता येतं. मला तर तुम्ही सरावातसुद्धा खेळवत नाही."

खरं सांगते पालकहो, मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याचं बरोबर होतं. पहिले सात पक्के करायच्या नादात मी राखीव पाच जणांना नुसतं रेषेबाहेर बसवत होते. अमेरिकेतला नियम मुलांना बांधून ठेवत होता, तो सुटल्याबरोबर बाक रिकामे झाले. नियमानं माणूस थांबतो, पण मनानं थांबत नाही. राखीव फळी टिकवायची असेल, तर त्या मुलाला कळायला हवं, की आपली इथं खरोखर गरज आहे.

आता आमच्या सरावात रोज दुसऱ्या डावात पाचही राखीव गडी खेळतात. आठवा गडी पकडीत फार चांगला आहे, हे मला परवा कळलं! दाखल्याचं तो अजून काही बोललेला नाही. मीही विचारलेलं नाही. सामना पुढच्या बुधवारी आहे.

तर दोस्तांनो, तुम्ही आता एखादा सामना बघायला जाल ना, कबड्डीचा असो, खो-खोचा असो, तेव्हा थोडा वेळ राखीव बाकाकडेही बघा. कोण रुसून बसलंय आणि कोण बुटाची नाडी घट्ट बांधून उठायच्या तयारीत बसलंय, ते ओळखा. आणि तुम्हीच राखीव असाल, तर तुम्हाला काय वाटतं ते मला पत्रानं जरूर कळवा.

तुमची,
बाई